सवतीला हळद

मी ट्रॅक्टर बोलतीय. आन लेकरा, तुझ्यात दम आसंल तर यातला एक शब्द खरा मानून दाखव. न्हाईच जमायचं तुला. लोखंड कुठं बोलतं का, आन बोललंच तर बाईसारखं कशापायी बोलंल, असं आलंच आसंल मनात. आलं ना? मंग आता गप बस त्या दगडावर, सावली सरकली की तूबी सरक, आन ऐक. इश्वास ठिवायची सक्ती न्हाई. बॉनेटला मातर टेकू नको, कापडाला रंग लागंल. रंग कसला, गंजच त्यो.

जन्माचं म्हनशील तर एका मोठ्या शेडमदी आमी सत्तर-ऐंशी जनी वळीनं उभ्या हुतो, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीला. कुनी चाक बसवलं, कुनी रंग मारला. आई कोन ते आजवर ठावं न्हाई. कुनीतरी पोटात तेल वतलं, किल्ली फिरवली, आन मी रडले. त्या रडन्याला तुमी इंजिन चालू झालं म्हनता. चाळीस वरसं झाली त्याला.

पयलं घर मिळालं श्रीगोंद्याकडं, राधाकृष्ण नावाच्या बागाईतदाराचं. उसाच्या ट्रॉल्या वढायच्या आन कारखान्यावर न्यायच्या. राधाकृष्णाला मोटारसायकलबी धड चालवता येत नव्हती, म्हनून त्यानं ड्रायवर ठिवला आमोस. पारनेर तालुक्यातला ख्रिस्ती मानूस, अंगानं काटक, बोलायला कंजूष. दर रविवारी चर्चला जायला सुट्टी मागायचा. राधाकृष्ण दर रविवारी कुरकुरायचा, आन दर रविवारी द्यायचा. असा एकवीस वरसं त्यांचा संसार चालला.

आमोस सकाळी किल्ली लावायच्या आदी माझ्या रेडिएटरची टोपी काढायचा आन आत बोट घालून पानी बघायचा. तुला रेडिएटर ठावं न्हाई असं धरूनच सांगते, चेहऱ्यावरनं कळतंय. माझ्या नाकाम्होरं ही जाळीची पेटी हाय ना, त्यो रेडिएटर. इंजिनात तापलेलं पानी पेटीच्या वरच्या डब्यात येतं, तिथनं बारीक बारीक नळ्यांतनं खाली उतरतं, पंख्याच्या वाऱ्यानं निवतं, आन परत आत जातं. बास, येवढंच माझं सुखदुःख. पानी फिरतंय तवर मी हाय.

राधाकृष्णानं नवा ट्रॅक्टर आनला तवा मला आमोसच्या हवाली केलं आन म्हनला, ह्याला तुझ्याच हाताची सवय हाय, घिऊन जा. आमोस मला त्याच्या वाडीवर घिऊन आला. दारात त्याची बायकू मरियम उभी हुती, कोपरापर्यंत पीठ. तिनं माझ्याभवती एक फेरी मारली, टायरला एक लाथ घातली आन म्हनली, “सवत आनली म्हना की. निदान तोंड रंगवून तरी आनायची.”

आमोसचे कान लाल झाले. त्या दिवसापासनं मी सवत. सवतीला डिझेल घातलं का, सवत कुठं उलथली, सवत रुसली का. रविवारी चर्चच्या दारात बाया तिला इचारायच्या, काय गं, सवत कशी हाय तुझी? ती म्हनायची, माझ्यापेक्षा जाड हाय पर पहाटं लवकर उठती. तर असं हाय बघ माझं बाईपन. शाळेतलं व्याकरन काय का म्हनंना, मरियमनं बाई केली म्हनून मी बाई. आन खरं सांगू, बरं वाटलं.

मरियम मोठी खोडसाळ. आमोस मला पुसत जास्तच येळ बसला की ही माझी किल्ली पिठाच्या डब्यात दडवायची. त्यो बिचारा आख्खं घर पालथं घालायचा, आन ही चुलीपुढं बसून लाटन्यामागं तोंड लपवून हसायची. पोरबाळ नव्हतं त्यांना. दोघंच, आन तिसरी मी.

तिनं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लिंबाच्या बिया लावल्या. रोपं झाली तवा मी सव्वा एकर नांगरून दिलं, आन त्यात एकशे चाळीस लिंबोन्या लागल्या. सात वरसं तिनं त्या वाढवल्या. हात लावून झाड वळखायची. ह्याचा काटा वाकडा, त्याच्या खोडाला गाठ, हे झाड वरल्या वळीतलं तिसरं. ह्या साली पयल्यांदा बाग फळानं अशी वाकली की मरियम खाली बसून झाडांशी बोलायची, थांबा गं बायांनो, येवढा उन्हाळा काढा.

आन ह्याच साली इहीर आटली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मोटर लावली तर नुसती हवा. मिरगाचा पाऊस पडंस्तवर चाळीसेक दिस हुते. तेवढे दिस पानी घातलं तर बाग हुती, न्हाई तर सात वरसाचं सरपन. आमोसनं भीमाची, म्हंजी शेजाऱ्याची, पान्याची टाकी मागून आनली आन माझ्यामागं जोडली. पाच हजार लिटरची. तलावावर भरायची, टेकाडाची चढन चढायची, बागंत वतायची. दिवसाला दोन खेपा. एकदम कबूल, मी म्हनले. मला कोन इचारतंय, पर म्हनले.

पाचव्या दिवशी चढनीवर माझा काटा लाल रंगात गेला. हे बघ, हितं सीटम्होरं ह्यो गोल डायल हाय ना, त्यातला काटा. डावीकडं गार, उजवीकडं गरम. आमोसनं मला बाजूला घेतलं. टोपीखालनं वाफ शिट्टी मारत हुती. त्यो शाना मानूस, अर्धा तास सावलीत बसला, मंग फडकं टाकून टोपी हळूच सैल केली, आन टाकीतलंच बादलीभर पानी मला पाजलं. मागं पाच हजार लिटर, आन मी तहानेनं मरायला टेकलेली. ह्यात हसन्यासारखं काय न्हाई, पर तू हसलंस तर मी रागवायची न्हाई.

मानसाला ताप आला तर एक डाक्टर बघतो. मशीनला ताप आला की आख्खी वाडी डाक्टर. कोन म्हनलं पट्टा ढिला झालाय, तर पट्टा आवळला. कोन म्हनलं पंखा उलटा बसवलाय, तर पंखा काढून परत हुता तसाच बसवला. भीमा म्हनला, आमोसभाऊ, हिवाळ्यात बाजरी केली तवाचा भुस्सा जाळीत अडकलाय, वारा जातच न्हाई, मागल्या बाजूनं पानी मारून धुवून काढा. एवढा एकच खरं बोलला. आमोस म्हनला, हां, धुतो. आन धुतली न्हाई. का? तर बागंला प्यायला पानी न्हाई, तिथं जाळी धुवायला कोन घालवनार. दोन बादल्यांचं काम हुतं. बागंसाठी थेंबथेंब वाचवायचा म्हनून त्यानं मला तशीच घुसमटत ठिवली.

मंग आला वाल्मिक. आमच्या वाडीचा मेस्त्री. मोबाईलवर बोलत बोलतच माझं डोस्कं उघडलं. पाइपाच्या तोंडाशी माझी एक पितळी झडप हुती, रुपायायेवढी. पानी गार आसंल तवर मिटलेली ऱ्हायची, तापलं की उघडायची आन जाळीकडं वाट करून द्यायची. वाल्मिक म्हनला, मामा, ही झडप थंड मुलखातल्या गाड्यांना. आपल्याकडं येवढं ऊन, हिचं काय काम. काढली आन हत्यारांच्या डब्यात टाकली. आता त्याला कोन सांगनार, की ती नुसतं दार न्हाई उघडत. ती उघडली की आतल्या आत फिरायची दुसरी वाट मिटती. झडप गेली तसं निम्मं पानी इंजिनातच गरगरायला लागलं, जाळीपर्यंत येईचना. दोन दिस बरं वाटलं, कारन तितके दिस आभाळ आलं हुतं. वाल्मिकचं नाव झालं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आन जाळीच्या बुडाशी बारीक भोक पडलं. थेंब थेंब गळती. आता आमोसला श्रीगोंद्याचे दिस आठवले. उसाच्या गाड्यावाले रस्त्यात रेडिएटर गळाला की मूठभर हळद आत टाकायचे. हळद फुगती, भोकाशी जाऊन बसती, गळती बंद. पर ते गाड्यावाले गाव गाठलं की आदी गॅरेज गाठायचे, समदं धुवून काढायचे, भोकाला कथलाचा डाग द्यायचे. हळद ही घर गाठंस्तवरची. एवढं शेवटचं मातर आमोसला आठवलं न्हाई, का आठवूनबी त्यानं न आठवल्यासारखं केलं. मला भिंगारला रेडिएटरच्या दुकानात न्यायचं म्हंजी दोन दिस बागंला पानी न्हाई.

त्यानं मरियमला हाक मारली, हळदीचा डबा आन म्हनला. ती आली. डबा काखंत, आन तोंडावर असं हसू की मी वळखलं, आता काहीतरी निघनार.

“चाळिशी झाली तरी सवतीला हळद लागली नव्हती,” ती म्हनली. “बरं झालं, नवरदेव घरचाच हाय.”

आन टोपी काढून तिनं पयली चिमूट माझ्या बॉनेटला लावली, मंग मूठभर आत टाकली. आमच्या ख्रिस्ती घरांतबी लग्नाला हळद लागतीच बरं का, नाक नको मुरडू. ती हळदीचं गानं म्हनायला लागली, त्यात आमोसचं नाव घातलं, माझं नाव सवत घातलं. आमोस खाली बसून हसत हुता. त्याला हसताना मी तसं फार कमी बघितलंय. अर्ध्या तासात गळती थांबली. एवढं सुख झालं त्या दोघांना की काय सांगू.

मंग ते रोजचंच झालं. आमोस पयली खेप घिऊन बागंत यायचा, इंजिन बंद करायचा, निवंस्तवर टाकीचा पाइप सोडायचा, आन मरियम डबा घिऊन यायची. मूठ आत, उरलेलं बॉनेटला. आठ दिवसांत डबा संपला, दुसरा आला. माझं पोट आतनं कसं झालं आसंल ते इचार कर. आमच्या इहिरीचं पानी आदीच खारं, वरसानुवरसं नळ्यांना चुन्यासारखा थर बसलेला. त्यावर हळद. बारीक नळ्या एक एक करून मिटत गेल्या. बाहेरनं थेंब गळत न्हाई म्हनून हे खुश, आन आतनं थेंब उतरत न्हाई म्हनून मी कासावीस. बोलायला तोंड आसतं तर बोलले आसते. तोंडावर टोपी.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मंगळवार. मिरगाला अठरा-एकोनीस दिस ऱ्हायलेले. सकाळची खेप. चढनीवर काटा लाल रंगात गेला, आमोसनं दात आवळले, थांबला न्हाई. आन टेकाडाच्या माथ्यावर काटा आपसूक खाली आला. आला तो आलाच, पार गारच्या खुनंवर जाऊन बसला. आमोसनं डायलवर बोटानं टिचकी मारली. काटा तिथंच. त्यो मला म्हनला, “शाब्बास गं.”

लेकरा, हे नीट ऐक. त्यो काटा ज्या बोंडानं गरमी चाखतो, ते बोंड इंजिनात पान्यात बुडलेलं आसतं. पानी हाय तवर ते खरं सांगतं. त्या मंगळवारी इंजिनात पानीच ऱ्हायलं नव्हतं. नळ्या मिटल्या म्हनून जे काय पानी हुतं ते वरल्या डब्यात अडकून उकळत हुतं, आन खाली इंजिन कोरडं जळत हुतं. बोंड हवेत लोंबकळत हुतं. ते काय सांगनार. सांगितलं, गार.

बागंच्या बांधाला आमोसनं मला बंद केलं. मरियम डबा घिऊन आली. तिला उशीर झाला हुता, भाकरी तव्यावर टाकून आली हुती. तिनं लांबनंच इचारलं, “आवो, थांबू का निवंस्तवर?”

आमोस सीटवर हुता. त्यानं डायलकडं बघितलं. म्हनला, “काटा खाली हाय. उघड.”

तिनं पदर हाताला गुंडाळला, माझ्यावर वाकली आन टोपी फिरवली.

मी धरून ठिवायला बघितलं. खरं सांगते. माझ्या हातात काय आसतं तर धरलं आसतं. टोपी तिच्या हातनं सुटून पार चौथ्या लिंबोनीवर गेली, आन जे उकळतं पिवळं पानी माझ्या पोटात कोंडलं हुतं ते समदं तिच्या तोंडावर गेलं. ती बसली. दोनी हातांनी तोंड झाकून बांधावर बसली, आन तिच्या बोटांतनं हळद गळत हुती.

आमोसनं टाकीचा कॉक सोडला आन तिला तशीच पान्याखाली धरली. ते मातर त्यानं बरोबर केलं, डाक्टर म्हनला म्हनं. भीमानं जीप काढली. नगरच्या दवाखान्यात नेलं. मी तिथंच उभी ऱ्हायले, आन माझ्यामागं टाकीचा कॉक तसाच उघडा. पाच हजार लिटर एकाच झाडाखाली गेलं.

पुढचं मी बघितलं न्हाई, भीमाच्या तोंडून ऐकलं. चौथ्या दिवशी त्यानं मला दोरखंड बांधून भिंगारला वढत नेलं, मार्कच्या दुकानात. मार्क रेडिएटरचं काम करतो, बापाच्या हातापासनं. भीमा त्याला सांगत हुता, वहिनीचा डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आन अंधार तेवढा कळतोय. दवाखान्यात समद्यांनी इचारलं, चर्चच्या पाळकसाहेबांनी इचारलं, हे झालं कसं? मरियमनं समद्यांना एकच सांगितलं. मीच आगाऊ. त्यांना न इचारता उघडली.

आन आमोस तिथंच खाटंच्या पायथ्याशी बसलेला. त्यानं काय सांगितलं, मार्कनं इचारलं. भीमा म्हनला, काय सांगनार, मान खाली घालून बसलाय बिचारा.

आमोस सातव्या दिवशी भीमासंगं भिंगारला आला. अंगात त्या मंगळवारचीच कापडं. मार्कनं त्याला वळखलं न्हाई, कुनाचा तरी ड्रायवर आसंल असं वाटलं. मार्कनं माझ्या पेटीचा वरला डबा कापून काढला हुता. आत नळ्यांची तोंडं दिसतच नव्हती, पिवळीधम्मक वडी बसलेली, खरवसासारखी. मार्क हसत म्हनला, “मामा, ही नवरी हळदीतच बुडवून मारली कुनी?”

आमोस खाली बसला. हत्यारांमदीच बसला. मार्कला भीमानं बाजूला नेऊन सांगितलं. मंग मार्क परत आला, बराच येळ कानशीनं एकाच जागी घासत ऱ्हायला, आन मंग एक एक करून आमोसला दाखवलं. भुश्श्यानं भरलेली जाळी दाखवली. झडपंची रिकामी जागा दाखवली. हेडखालचं, म्हंजी इंजिनाच्या झाकनाखालचं, जळालेलं गास्केट दाखवलं. आमोस समदं बघत हुता. शेवटी त्यानं एकच इचारलं. काटा खाली कसा आला?

“काटा पानी सांगत न्हाई मामा,” मार्क म्हनला. “काटा गरमी सांगतो. तीबी पान्यात बुडाला तरच.”

आमोसनं मान हलवली. शाळेत उशिरा कळलेल्या धड्यावर हलवावी तशी.

मार्कनं मला बरी केली. नवी जाळी बसवली, नवी झडप, हेड घासून सपाट केलं, नवं गास्केट. लाल रंगाचं औषधाचं पानी भरलं, क्षार न धरनारं. कुठनं फेस येतो का, बुडबुडे येतात का, हे दोन तास इंजिन चालवून बघितलं. जीव लावून केलं त्यानं काम. पर बावीस दिस गेले. मधल्या काळात भीमानं एक दिस बैलगाडीवरनं पिंपं नेली बागंला, मंग त्याच्याबी जनावरांना पानी न्हाई झालं. चव्वेचाळीस डिगरी ऊन, फळानं वाकलेली झाडं. कुनाला दोष द्यायचा.

मी परत आले तवा मिरग निघाला हुता आन पाऊस न्हाई. बाग उभी हुती, पर उभी नुसती. पानं करपून खाली, लिंबं सुकून सुपारीयेवढी, तशीच फांदीला चिकटलेली. एकशे चाळीसातली नऊ झाडं हिरवी. त्यातलं एक ते, ज्याखाली टाकी उघडी ऱ्हायली. आठ ती, मोरीच्या पान्याजवळची, घराच्या पाठीमागं.

दोन दिवसांनी मरियम घरी आली. काळा चष्मा. आमोसनं हाताला धरून उतरवली. तिनं पयलं काय इचारलं आसंल? सांग बघू. “बाग कशी हाय?”

आन ज्यानं आयुष्यात टायरमदल्या हवेबद्दलबी खोटं सांगितलं न्हाई, त्यो आमोस म्हनला, “हाय की. भीमा घालत हुता पानी.”

झालं. एकदा असं बोलल्यावर मंग काय. आता बागंला पानी घालताना आवाज तर आला पायजे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमोसनं मला टाकी जोडली आन निघाला. मला वाटलं तलावावर. न्हाई गं बाई. टेकाडापर्यंत गेला, झाडाखाली थांबला, तासभर बसला, आन रिकामी टाकी घिऊन परत आला. बागंच्या बांधाला उभी केली. कॉक सोडला. त्यातनं काय येनार, दोन थेंब. तरी त्यो अर्धा तास थांबला, टाकी रिती व्हायला जेवढा येळ लागतो तेवढा. वाळक्या झाडांकडं तोंड करून. मंग कॉक बंद केला.

रोज हेच. दिवसाला दोन खेपा. आता मला ताप येत न्हाई लेकरा. काटा मधोमध उभा आसतो, शिस्तीत. रिकामं वढायला कशाला तापंल कोन.

पर भरलेली टाकी आन रिकामी टाकी, ह्यांच्या आवाजात फरक आसतो. भरलेली गुमान येती. रिकामी खड्ड्याखड्ड्याला ठणठणती. आन मरियम दिवसभर वट्ट्यावर बसलेली, कानाचंच काम आता तिला. पयल्याच दिवशी तिनं आयकलं. मी बघत हुते तिच्याकडं. टाकी ठणठणली तशी तिनं मान वर केली, चष्मा माझ्या दिशेला केला.

मंग म्हनली, मला झाडांना हात लावायचाय. आमोसनं तिला घरामागल्या आठ झाडांकडं नेलं आन सांगितलं, ही खालची वळ. तिनं पानं चोळून वास घेतला. बरं वाटलं म्हनली. आन वाकल्यासारखं करून पदराचा एक दोरा काढून एका फांदीला बांधला, काट्याच्या आडोशानं. खोडच ती. दुसऱ्या दिवशी म्हनली, आता मला वरल्या वळीत न्या. आमोसनं तिला हाताला धरून घराभवती दोन वेढे फिरवलं, मुद्दाम चढ-उतार घिऊन, आन परत त्याच आठ झाडांपाशी आनलं. म्हनला, ही वरची वळ. तिचा हात फांदीवर फिरत फिरत गेला आन दोऱ्यावर थांबला.

मी तिथनं दहा पावलांवर हुते. तिचं बोट त्या दोऱ्यावर लई येळ हुतं. मला वाटलं, आता बोलंल, आता लाज काढंल त्याची. ती हसली. म्हनली, “हे झाड लई वळखीचं हाय हो.”

“सात वरसं हात फिरवलायस,” आमोस म्हनला.

तिनं दोरा तोडून घेतला, मुठीत ठिवला, आन घरी चला म्हनली.

त्याच दुपारी आमोस निजला तवा ती भिंत चाचपत माझ्याकडं आली. आदी हाताचा पाठचा भाग बॉनेटला लावला, मंग तळवा. आता ती असंच करती, काट्याबिट्याचं तिला काय कामच न्हाई. मी गार हाय एवढं बघितलं आन टायरला टेकून बसली. बारीक आवाजात बोलली, घरात आयकू जाऊ नये असं.

“सवते, त्यानं उघड म्हनलं हे तुला आन मला ठावं हाय. त्याला वाटतंय मी इसरले. इसरले असंच वाटू दे. त्याच्याजवळ बागंचं खोटं हाय, माझ्याजवळ हे. तुझ्याजवळ दोनी. वढ गं रिकामी. पाऊस पडंस्तवर वढ.”

पाऊस पडला की टाकीचं निमित्त संपंल. तवा काय करायचं, ते तिनं सांगितलं न्हाई. त्यालाबी ठावं न्हाई. त्यो रोज सकाळी आभाळाकडं बघतो, आन वाडीत ह्यो एकटाच मानूस आसंल जो ढग बघून घाबरतो.

माझं काय मागनं न्हाई कुनाकडं. तुझ्या दारात एखादी म्हातारी मशीन उभी आसंल, तर जाळी धू. आन काटा कितीबी खाली आसूंदे, टोपीला हात घालायच्या आदी तळवा लाव, भाजलं तर थांब, न्हाई भाजलं तरी थांब. एवढं केलंस तरी लई झालं.

आता ऊठ. तो बघ आमोस किल्ली घिऊन निघाला, दुसऱ्या खेपंला. आन ती वट्ट्यावरनं रोजच्यासारखं इचारतीय, सकाळी किती पानी घातलं. आयकू येतंय का? त्यो म्हनतोय, टाकी भरून. आन आता ती काय म्हनतीय बघ. म्हनतीय, आता जरा वरल्या वळीला जास्त सोडा, पानं मऊ लागत्यात हाताला.

त्याचं तोंड बघू नको. जा आता, लेकरा. जा म्हनले ना.